लेक ढोल-ताशा पथकात गेली, भाऊ म्हणतो प्रभुभोजन बंद

पत्र

सलाम. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आता पुण्यात असतो. माझी मुलगी 19 वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. यंदा मैत्रिणींबरोबर ती ढोल-ताशा पथकात गेली. मला सांगितलंच नव्हतं. हाताला आलेले फोड बघून मी विचारलं, तेव्हा कळलं. आम्ही ख्रिस्ती आहोत, आणि माझे थोरले भाऊ मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच आहेत. ते म्हणतात, मूर्तीपुढे वाजवणाऱ्या मुलीने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीने घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेऊ नये. तू थांबवणार नसशील तर मी पाळकसाहेबांशी बोलतो. मुलगी म्हणते, ‘तुम्ही अभंगाच्या चालीवर गाणी म्हणता, पेटी-तबला वाजवता, ते चालतं. मी पूजा थोडीच करते? मी फक्त वाजवते.’ आमचे पणजोबा गावात हलगी वाजवायचे. बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी ती खाली ठेवली, असं आमच्या घरात सांगतात. भावाला त्याचंच जास्त लागलंय. मुलीचे वडील नाहीत, मी एकटीने तिला वाढवलंय. तिला बंदी घालू का? माझ्याच विश्वासात काही कमी पडलं का? आणि विसर्जनाची मिरवणूक रविवारी सकाळपर्यंत चालली, तर उपासनेचं काय करायचं?

— एक आई, पुणे

उत्तर

सलाम ताई.

बंदी घालू नका. आणि तुमच्या विश्वासात काही कमी पडलेलं नाही. ज्या मुलीला घरात काही शिकवलंच गेलं नाही, ती ‘मी पूजा करत नाही, फक्त वाजवते’ असा भेद करून बोलत नाही. तिच्या मनात एक रेघ आहे. ती योग्य जागी आहे का, एवढंच बघायचं आहे.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते पणजोबांचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण सगळा वाद तिथून उठलाय असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात नगर भागात जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांतली पुष्कळ गावकुसाबाहेरची होती. गावात हलगी वाजवणं ज्यांच्या वाट्याला येई, त्यांना कुणी ‘वाजवता का?’ असं विचारत नसे. जत्रा असो, लग्न असो, दवंडी असो, हुकूम यायचा आणि जावं लागायचं. देवाची पालखी निघाली की पुढे वाजवायचं, आणि पालखी देवळात गेली की आपण बाहेर. ज्या देवापुढे हात दुखेपर्यंत वाजवलं, त्याच्या पायरीला शिवायची परवानगी नाही. बदल्यात भाकरी, पसाभर धान्य. अशा माणसाने बाप्तिस्म्यानंतर हलगी खाली ठेवली, तेव्हा त्याने मूर्तिपूजा सोडलीच, पण त्याहून अधिक काही केलं. आयुष्यात पहिल्यांदा तो गावाला ‘नाही’ म्हणाला. त्या एका ‘नाही’मुळे पुढच्या पिढ्या ताठ मानेने उभ्या राहिल्या.

तुमच्या भावाचा राग मला तिथून समजतो. भाची कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत उभी राहणार हे ऐकल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे पणजोबा आले असणार. तो प्रभुभोजनाची भाषा बोलतोय, कारण पंच म्हणून तीच त्याच्या हाताशी आहे. दुखणं मात्र जुनं आहे.

पण ताई, ही गोष्ट तुमच्या लेकीला कुणी नीट सांगितली आहे का? ‘घरात सांगतात’ असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे मोठी माणसं आपसांत बोलतात. तिच्या कानावर आलं असेल ते उडत उडत. तिला समोर बसवून सांगा. पणजोबा कुठल्या गावचे, काय वाजवायचे, कुठे उभे राहायचे, का सोडलं, सोडल्यावर गावाने काय केलं. तुम्हाला ठाऊक नसेल तेवढं भावाला सांगायला लावा. रागावून बोलण्यापेक्षा हे सांगणं त्यालाही बरं वाटेल. ती कदाचित म्हणेल की, मग मी नाही वाजवत. किंवा म्हणेल, पणजोबांना वाजवावं लागत होतं, मी मला हवं म्हणून वाजवते, सगळ्या जातींच्या मुलींच्या रांगेत, त्यांच्यासारखाच फेटा बांधून वाजवते, हे त्यांनी बघितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? दोन्ही उत्तरं विचारी मुलीची आहेत. गोष्ट न सांगता घातलेली बंदी मात्र तिला फक्त मामाची हुकूमशाही वाटेल.

आता शास्त्राचं. प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं ते साधारण इ.स. 55 च्या सुमाराला. त्या शहरात देवळांना लागून जेवणाची दालनं होती, आणि मूर्तींपुढे दिलेल्या बळीचं मांस बाजारात विकायला यायचं. नव्याने विश्वासात आलेल्यांपुढे रोजचा प्रश्न होता, हे खायचं का? पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायात पौल यावर बोलतो, आणि मला हे तीन अध्याय आवडतात ते यासाठी की तो एका वाक्यात निकाल देत नाही. बाजारातलं मांस खुशाल खा, कुठून आलं ते विचारत बसू नका, असं तो सांगतो. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, समोर येईल ते खा. पण कुणी स्पष्ट सांगितलं की हे मूर्तीला दाखवलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी थांबा. आणि प्रभूचं मेज आणि मूर्तीचं मेज, दोन्हीकडे भागीदार होता येणार नाही, हे तर तो फार कठोरपणे सांगतो.

म्हणजे शहर तेच, मांसही तेच, पण बाजारात एक उत्तर, मित्राच्या ताटावर दुसरं, आणि वेदीपाशी तिसरं. पौलाचा सगळा भर शेवटच्या जागेवर आहे: जिथे माणूस उपासनेत सामील होतो. मला वाटतं, तुमच्या लेकीने रेघ तिथेच ओढावी. नदीकाठचा सराव, ताशाच्या इशाऱ्यावर ढोल उचलणं, टिपरू नि हात एका ठेक्यात बसेपर्यंत घासणं, यात उपासना नाही. सरावाच्या सुरुवातीला वाद्यपूजन असतं, मिरवणुकीआधी आरती असते. तिथे उपासना आहे. त्या वेळी तिने हात जोडू नयेत, कपाळाला काही लावून घेऊ नये, शांतपणे बाजूला उभं राहावं. आणि हे तिने पथकप्रमुखाला आधीच सांगावं. ऐनवेळी तोंड फिरवून उभं राहणं त्यांचा अपमान होईल, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचा अपमान करण्याची मुभा ख्रिस्ताने आपल्याला दिलेली नाही. वेगळ्या धर्माची मुलगी बघायची त्यांची ही पहिली वेळ नसेल. समजा ते म्हणाले की पूजेत भाग घेतल्याशिवाय पथकात राहता येणार नाही, तर तिने तिथून बाहेर पडावं. इथे मला शंका वाटत नाही.

मोदकाचंही ती विचारेल. मैत्रिणीच्या घरून आलेलं ताट तोंडावर परत करू नये. नको असेल तर गोडीने ‘नको’ म्हणता येतं. यावर घरात महायुद्ध करू नका.

तुमच्या मंडळीतलं कुणीतरी लवकरच तुम्हाला नामानाची आठवण करून देईल, म्हणून तेही लिहिते. बायबलच्या जुन्या करारातलं ‘दुसरे राजे’, पाचवा अध्याय. अरामी सेनापती नामान कोडी होता, तो यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून बरा झाला. मग त्याने संदेष्टा अलीशाला विचारलं, माझा धनी रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, याची मला क्षमा होईल ना? संदेष्टा म्हणाला, शांतीने जा. मला हे वचन फार प्रिय आहे. तरी तुमच्या लेकीला त्याचा आधार देऊ नका. नामानावर नोकरीची सक्ती होती. तिच्यावर कुणाची सक्ती नाही. तिने पौलाच्या प्रश्नाला उत्तर द्यावं, तो अधिक अवघड आहे: मला मोकळीक आहे हे खरं, पण माझ्या मोकळिकीमुळे माझ्या एखाद्या भावाला ठेच लागते आहे का? इथे भाऊ म्हणजे मामासुद्धा. त्याचं मन तिने मोजलंच पाहिजे. मोजून झाल्यावरही ती ‘मी जाते’ असं म्हणू शकते. पौल दहाव्या अध्यायात हेही विचारतोच की, माझ्या मोकळिकीचा न्याय दुसऱ्याच्या विवेकाने का व्हावा?

अभंगाबद्दलचं तिचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं आहे हे तिला प्रामाणिकपणे सांगा. वाद्याला आणि चालीला धर्म नसतो. बायबलमधल्या दीडशेव्या स्तोत्रात डफ आहे, नृत्य आहे, झांजा आहेत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. ख्रिस्तापर्यंतची आपली वाट तुकोबांवरून आली असं ते मानत, आणि त्यांच्या अभंगांमुळे मराठी मंडळीला आपल्या भाषेत, आपल्या सुरांत प्रार्थना करता आली. पण त्यांनी अभंग घेतला तो ख्रिस्तापुढे म्हणायला. मिरवणुकीतला ढोल वाजतो तो दुसऱ्या देवापुढे. हा फरक तिने ‘तुमचं चालतं, मग माझं का नाही’ म्हणून बाजूला सारू नये. तो मान्य करून मग काय ते ठरवावं.

टिळकांची आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नगरला आल्या तरी त्यांनी आपलं सोवळं पाळलं, स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी ते पाळू दिलं. धर्मासाठी माहेर-सासर, पैसा, मान सगळं गमावलेला माणूस, पण बायकोच्या विश्वासावर त्याने जोर केला नाही. जातपात मानणं लक्ष्मीबाईंनी एक दिवस आपलं आपणच सोडलं, आणि 1900 साली बाप्तिस्माही स्वतःहून घेतला. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. आपल्या घरांत विश्वास असा आला आहे. तो सक्तीने टिकेल असं आपल्याला का वाटावं?

प्रभुभोजनाबद्दल मी थोडी कडक होणार आहे. तुमच्या भावाचं म्हणणं नवं नाही, हलकं तर मुळीच नाही. साधारण इ.स. 200 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक खेळ-तमाशांना जाऊच नये म्हणून अख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्याचं मुख्य कारण हेच होतं की ते सगळे मूर्तींच्या सणांशी बांधलेले आहेत. त्या काळी छळ सोसणाऱ्या मंडळीने हे म्हणणं साहजिक होतं. पण प्रभूचं मेज धाक घालायला वापरायचं नसतं. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल सांगतो की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. मंडळीची शिस्त असते, ती मला मान्य आहे, पण ती पाळकांनी त्या मुलीशी बोलून, ऐकून, प्रार्थना करून लावायची असते. मामाने आईला निरोप धाडून नव्हे. म्हणून भाऊ जाण्याआधी तुम्हीच पाळकसाहेबांकडे जा. लेकीला बरोबर न्या. तिला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या की ती काय करते आणि काय करत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. तिने तुम्हाला सांगितलं नाही. फोड बघून तुम्हाला कळलं. ढोलापेक्षा मला हे जास्त खुपतं, आणि तुम्हालाही खुपलं असणार. तिला सांगा की त्याचं वाईट वाटलं. आरडाओरडा न करता सांगा. आणि विचारा, कशाची भीती वाटली? उत्तर बहुधा ‘मामाची’ असेल. तसं असेल तर पुढच्या वेळी तुमच्या दोघींच्या मध्ये मामा येणार नाही असा शब्द तुम्ही तिला द्या, आणि लपवणार नाही असा शब्द तिच्याकडून घ्या. एकदा तिचा सराव बघायलाही जा. तिथे काय होतं हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की भावाशी बोलताना तुम्ही ऐकीव गोष्टींवर बोलणार नाही.

रविवारचं. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ‘अचानक उशीर झाला’ ही सबब तिला मिळू देऊ नका. वार आधीच बघा. दुसरा दिवस रविवार येत असेल, तर किती वाजता निघायचं हे पथकात आजच सांगून ठेवायला लावा. हात दुखत असले, झोप झाली नसली, तरी सकाळी ती मंडळीत तुमच्या शेजारी बसेल, ही अट घाला. ही एक अट घालण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ती मोडली तर पुढच्या वर्षी पथक नाही, हेही आत्ताच सांगून टाका. भावालाही ही अट कळवा. त्याला कळू दे की तुम्ही गप्प बसलेल्या नाही.