वर्गसमीकरणाचे अवयव पाडून जी दोन मुळं येतात ती आलेखावर काय दाखवतात? आणि ऋण मूळ सोडूनच द्यायचं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: आलेख आडव्या अक्षाला जिथे छेदतो तिथल्या किमती म्हणजे मुळं. अवयवांचा गुणाकार शून्य आला तर दोघांतला एक तरी शून्य असतो, आणि अक्षावर उंची शून्यच असते. मात्र उजवीकडे शून्य नसेल तर यातलं काही चालत नाही. (व−३)(व+३) = ७ वरून सरळ व−३ = ७ लिहिणारे पदवीधर मी पाहिलेत.

उत्तर लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. 'ऋण मूळ सोडून द्या' हे ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं.

आमचं घर दाभोळ खाडीच्या काठावर. दहावीत गणित चुलत दादाने शिकवलं, आता त्याचा चिपळुणात क्लास आहे. त्याने होडीचं गणित घातलं: संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ९ किलोमीटर, १२ किलोमीटर वर जाऊन परत यायला एकूण ३ तास, तर प्रवाहाचा वेग किती? प्रवाहाचा वेग 'व' धरला, तर होडीचा वेग वर जाताना ९−व, येताना ९+व. दोन्ही वेळांची बेरीज ३ मांडून आवरलं की ८१ − व² = ७२ उरतं. म्हणजे व² − ९ = ०, (व−३)(व+३) = ०, मुळं ३ आणि −३. दादाने खाली नेहमीचं वाक्य लिहिलं, 'वेग ऋण नसतो ∴ व ≠ −३', आणि ३ ला चौकट मारली.

मी म्हटलं, "दादा, −३ म्हणजे भरती."

"शहाणपणा नको, चौकट मार आणि पुढचं घे."

अरे, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी समुद्राकडे धावतं आणि भरतीला उलट फिरून वाशिष्ठीत पार गोवळकोटपर्यंत चढतं, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमचे आजोबा माल भरून होडी तयार ठेवायचे, पण भरती लागल्याशिवाय वर निघायचे नाहीत. त्याच घरातला दादा, म्हणून राग जास्त. मांडताना आपण समुद्राकडचा प्रवाह धन धरला, तर ऋण म्हणजे पाणी वर चाललंय, एवढंच. व = ३ घ्या: वर जायला २ तास, खाली यायला १. व = −३ घ्या: वर १, खाली २. बेरीज तीच. भरती की सुकती हे आपण समीकरणाला सांगितलंच नव्हतं, मग त्याने दोन्ही दिली. आलेखही उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, तो याचमुळे.

आता त्याच होडीचा एकूण वेळ बदलून बघा. वेळ २ तास ४० मिनिटं दिली तर व² = ०. आलेख अक्षाला नुसता टेकतो, दोन्ही मुळं समान, पाणी स्थिर. वेळ २ तास दिली तर व² + २७ = ०. आलेख अक्षाच्या वरच राहतो, मूळ नाही. का? स्थिर पाण्यात जाऊन-येऊन २ तास ४० मिनिटं लागतात, आणि प्रवाह कुठल्याही दिशेचा असला तरी एकूण वेळ वाढतोच, कारण उलट्या पाण्यात होडी जास्त वेळ अडकते. म्हणजे २ तासांत ती फेरी होणंच शक्य नाही. हे आलेखावर दिसतं. नुसती मधल्या पदाची फोड करत बसलेला पोरगा 'गणित चुकीचं छापलंय' म्हणून मोकळा होतो. म्हणून माझं मत: आधी कच्चा आलेख, मग अवयव. दादा म्हणतो त्याला वेळ नसतो. क्लासवाल्यांना कशालाच वेळ नसतो.

आता थोडं त्याच्या बाजूने. खाडीचं पाणी तीन तास एकाच जोराने वाहत नाही, ते गणितापुरतं धरायचं. आगराची रुंदी −८ मीटर आली तर ती टाकाच, तिथे मी भांडणार नाही. अवयव पडत नाहीत म्हणजे मुळं नाहीत असंही नाही: व² − ५ ची पूर्णांकांत फोड होत नाही, तरी आलेख अक्षाला दोनदा छेदतो, तिथे सूत्र वापरा. आणि बोर्डाच्या पेपरात चौकटीत ३ च लिहा, मार्क कशाला घालवायचा. पण वर −३ चा अर्थ एका ओळीत लिहून ठेवा.

दादा, हे वाचत असशील तर यंदा वर्गात २ तासांचं गणित घाल, आणि सूत्र न लावता 'मूळ नाही' म्हणणारी किती निघतात ते गणपतीत सांग.