‘सिंज’ (singe) या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय? ‘बर्न’ आणि ‘स्कॉर्च’पेक्षा ते वेगळं कसं?

सिंज म्हणजे वरवर जळणं. केस, लव, पिसं, कापडाची कड यांना ज्योत लागून जाते, टोकं जळतात, पण मूळ वस्तू शाबूत राहते. गॅसवर वाकताना कपाळावरची बट ज्योतीला लागली की टोकं आखडतात, उग्र वास सुटतो आणि चिमटीत धरली की त्यांचा भुगा होतो. हे अस्सल सिंज. कातडीला चटका बसला तर ते बर्न, उकळत्या पाण्याने पोळलं तर स्काल्ड.

स्कॉर्चमध्ये ज्योत लागतेच असं नाही. इस्त्रीने शर्टावर पडलेला तपकिरी डाग, उन्हाने करपलेली पानं, दोन्हीकडे स्कॉर्चच. पार कोळसा झाला की ‘चार’ (char).

शब्दकोशात सिंजसमोर ‘होरपळणे’ दिसलं तरी ते सरसकट वापरू नका. आपल्याकडे माणसं दुष्काळात होरपळतात. त्या शब्दात मोठी यातना आहे, सिंजमध्ये ती नाही. ‘शी सिंज्ड हर आयब्रोज’ याचं सरळ मराठी ‘तिच्या भुवया जरा जळल्या’. हा ‘जरा’ गाळलात तर अर्थच बदलतो.

१५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीने स्पेनच्या काडिझ बंदरात शिरून जहाजं जाळली. त्यावरून ‘स्पेनच्या राजाची दाढी सिंज केली’ हा वाक्प्रचार इंग्रजीत रुळला. दाढी पुन्हा वाढते. नुकसान आणि नामुष्की झाली, पण राजा उभाच राहिला. म्हणून तिथे बर्न चाललं नसतं.

कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कोऱ्या कापडावर रंगाई-छपाई होते त्या कारखान्यात तर सिंजिंग हे रोजचं काम. कोरं सुती कापड ताणून वेगाने गॅसच्या ज्योतींवरून नेतात, वरची तुसं जळून पोत गुळगुळीत होतो आणि छपाई स्वच्छ उठते. ज्योतीवरून निघालेलं कापड लगेच पाण्यात बुडवतात किंवा वाफेने विझवतात, नाहीतर अडकलेली ठिणगी आत धुमसत राहते. कापड कुठे ओलं, कुठे कोरडं असेल तर तुसं सारखी जळत नाहीत. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर टोकं जळण्याऐवजी वितळून बारीक मणी होतात. ते रंग जास्त शोषतात आणि कापडावर गडद ठिपके दिसतात. म्हणून असं कापड बरेचदा रंगवल्यानंतर सिंज करतात.

स्पेलिंगमध्ये एक खाच आहे. ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ‘ई’ ठेवायचाच. तो गळला की वाचणारा ‘सिंगिंग’ वाचतो, म्हणजे गाणं!