‘प्रथिन-नियमन’ : कोणाचे आणि कोणाकडून?

पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, ‘पेशीविभाजनाची वेळ प्रथिन-नियमनाने ठरते’ हे वाक्य निर्दोष आहे का आणि त्यात ‘नियमन’ऐवजी ‘नियंत्रण’ लिहावे का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ‘नियंत्रणा’त ताब्यात ठेवण्याची छटा अधिक आहे, ‘नियमना’त नियमाने चालवण्याची. पेशी विभाजन रोखते तसे वेळ येताच ते सुरूही करते. म्हणून ‘नियमन’च ठेवावे.

खरी अडचण समासात आहे. ‘प्रथिन-नियमन’ याचा विग्रह ‘प्रथिनांचे नियमन’ असा होतो आणि ‘प्रथिनांनी केलेले नियमन’ असाही. नुसती षष्ठी वापरूनही संदिग्धता जात नाही, कारण ‘शिक्षकांचे मूल्यमापन’ म्हटल्यावर ते शिक्षकांनी केले की शिक्षकांचे झाले, हे संदर्भावाचून कळत नाही. पेशीविभाजनाच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि म्हणूनच ते वेगळे सांगणे आवश्यक आहे.

ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट यांनी 1982 साली अमेरिकेतील वुड्स होल येथे सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या फलित अंड्यांवर काम करताना पाहिले की, एक प्रथिन सतत साठत जाते आणि प्रत्येक विभाजनाच्या सुमारास एकाएकी नाहीसे होते. हेच सायक्लिन. ते सीडीके या विकराशी (एन्झाइमशी) जोडले गेले की विकर कार्यक्षम होऊ शकतो आणि इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून पेशीला विभाजनाकडे नेतो. मात्र सायक्लिन पुरेसे साठले तरी वी-वन हे प्रथिन सीडीकेवरच फॉस्फेट बसवून त्याला थोपवून धरते. सीडीसी-25 या दुसऱ्या विकराने तो फॉस्फेट काढल्यावरच विभाजनाला आरंभ होतो. पुढे सायक्लिनवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावली जाते, प्रोटिअसोम हा पेशीतील प्रथिने मोडणारा घटक ते मोडून टाकतो आणि पेशी विभाजनाच्या अवस्थेतून बाहेर पडते. या यंत्रणेच्या शोधांसाठी हंट, पॉल नर्स आणि लेलँड हार्टवेल यांना 2001 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यात सीडीके हा कर्ताही आहे आणि कर्मही: तो इतरांना चालवतो, आणि वी-वन त्याला अडवते. सायक्लिनचे नियमन तर मुख्यतः त्याच्या निर्मितीतून आणि नाशातून होते. ‘प्रथिन-नियमन’ या जोडशब्दात हा भेद पुसला जातो, आणि विद्यार्थ्याला वाटते की प्रथिने केवळ आज्ञा देतात किंवा केवळ पाळतात. (संततिनियमन हा समास खटकत नाही, कारण तेथे संतती कर्ता असू शकत नाही.)

म्हणून मी असे लिहीन: ‘काही प्रथिनांची निर्मिती, फेरबदल आणि नाश ठरावीक क्रमाने होतात, त्या क्रमानुसार सीडीके कार्यक्षम किंवा निष्क्रिय होतो आणि त्यावरून पेशी केव्हा विभागायची ते ठरते.’ वाक्य लांबते, हे मान्य. शीर्षकाला आटोपशीर शब्द हवा असेल, तर ‘पेशीचक्राचे नियमन’ घ्यावा.