भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील आले तेव्हा जल्लोष केला, मग सिंगापूरकडून हरताच 'हटवा' म्हणणं बरोबर आहे का?

नाही, आशियाई चषकाची संधी गेल्याचा सगळा दोष खालिद जमील यांच्या माथी मारणं अन्याय आहे. परभणीत मी पोरांना फुटबॉल शिकवतो. तिथंही त्या हरण्यानंतर हीच ओरड होती. पण पात्रता फेरी जमील येण्याआधीच सुरू झाली होती. आधीचे प्रशिक्षक मनोलो मार्केझ असताना, २०२५ च्या मार्चमध्ये बांगलादेशाशी ०-० आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१. म्हणजे दोन सामन्यांत एक गुण, गोल एकही नाही. जमील ऑगस्टमध्ये आले. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू सामन्याआधी मोजकेच दिवस मिळतात, त्यात गोल करणारा स्ट्रायकर तयार होत नाही. शिवाय याच माणसाने २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि आल्या आल्या ओमानला पेनल्टीवर हरवून काफा या मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत तिसरा नंबर आणला, हे एका महिन्यात विसरायचं?

एक मात्र खरं: मडगावात सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगतेच्या गोलने मिळालेली आघाडी घालवून आपण १-२ हरलो. ती का टिकली नाही, याचा जाब जमील यांनाच विचारायला हवा, आणि तो जरूर विचारा.