जुन्या गाडीची पट्टी काढताना

भाऊ, जुन्या पद्मिनी गाडीच्या दारावरची चकाकती पट्टी काढायची म्हणतोस, तर आधी तो स्क्रू-ड्रायव्हर लांब ठेव. त्याचं टोक पत्र्याला लागलं की रंग गेलाच, आणि पट्टीला एकदा मोड पडली की ती पुरती जात नाही. धुळ्यात माझ्या पहिल्या गाडीची पट्टी मी अशीच वाकवली. ठोकून सरळ केली, पण उन्हात ती रेघ अजून दिसते.

सुरुवात आतून कर. दाराचा आतला पुठ्ठा काढून टॉर्च मार. काही पट्ट्या नुसत्या क्लिपांवर बसतात, काहींना मागून नट असतो. तो न सोडवता ओढलंस तर बोल्टच तुटतो. गंजलेला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू दे.

मग पट्टीच्या वर-खाली मास्किंग टेप लाव आणि प्लास्टिकच्या चपट्या पात्याने प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळून थोडं थोडं उचल. केळं सोलल्यासारखं एका टोकाकडून ओढू नकोस.

गाडीच्या नावाची चिकटवलेली अक्षरं असतील तर मागून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा फिरव. त्याआधी गोंद गरम व्हायला हवा. लोक हेअर ड्रायर सांगतात, आपल्या जळगावच्या मे महिन्यात गाडी उन्हात लावली तरी भागतं! थंडीत सकाळी मात्र हात लावू नकोस, जुनं प्लास्टिक तडकतं. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने पूस. थिनर नको, रंग उठेल.

क्लिपा डबीत ठेव, डावी-उजवी चिठ्ठी लावून.