तंत्रज्ञानाची मानके बाजाराने ठरवावीत की सरकारने?

लिपीसारख्या सामाईक गोष्टीचे मानक बाजारावर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. १९९६ साली धाकट्या भावासोबत रत्नागिरीत डीटीपीचे दुकान काढले, तेव्हापासून आमचा वाद याच मुद्द्यावर आहे.

'इस्की' हे संकेतन, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देण्याची पद्धत, भारतीय मानक ब्युरोने १९९१ सालीच स्वीकारले होते. पण त्या काळच्या पेजमेकरला, म्हणजे पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरला, जोडाक्षरे जुळवता येत नसत. त्यामुळे प्रत्येक फाँट कंपनीने काना, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या सोयीने बसवली. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला की निरर्थक चिन्हे दिसत. भाऊ म्हणे, "गिऱ्हाईक जो फाँट मागते, तेच मानक."

गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची ९६ पानी स्मरणिका आम्ही १९९९ साली अशाच फाँटमध्ये केली. पालखीचा मार्ग, मानकऱ्यांची घराणी, गावऱ्हाटीच्या, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या व मानपानाच्या रीतीच्या, आठवणी, हे सारे म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतले होते. गेल्या वर्षी ती पुन्हा छापायचे ठरले. सीडी उघडली, पण फाँटचे डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय तो फाँट चालत नसे ते जोडउपकरण, प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारे, आणि तसे पोर्ट आजच्या संगणकांना नसते. कंपनीने ती आवृत्ती बंद केल्याचे कळवले. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात बदलणाऱ्या कन्व्हर्टरने रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर नेल्या, माणसांची नावे ओळखू येईनात. शेवटी देवळातल्या एकमेव प्रतीवरून मी पावसाळाभर सर्व मजकूर पुन्हा टंकित केला. तिची चार पाने वाळवीने खाल्ली होती. त्यांवरचे सांगणारे आता हयात नाहीत.

अर्थात, नुसत्या सरकारी शिक्क्याने मानक रुजत नाही, हेही मान्य केले पाहिजे. इस्की आमच्या दुकानापर्यंत कधी पोहोचलेच नाही. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसह युनिकोड (जगातल्या सर्व लिप्यांसाठीचे एकच सामाईक संकेतन) देवनागरी आली, तेव्हा कुठे मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नीट जाऊ लागला; केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड ठरवले ते २००९ साली. म्हणून भाऊ अजूनही सांगतो की युनिकोड कंपन्यांनीच आणले. परंतु युनिकोडमधील देवनागरीची मांडणी सरकारी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे, हे तो सोडून देतो.

आपण कार्यालयासाठी काही विकत घेणार असाल, तर तयार झालेली फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवण्यास विक्रेत्याला सांगा. पहिला फाँट घेताना मी भावाला हेच सांगितले होते.