जीवशास्त्राच्या तासाला आधुनिक तंत्रज्ञान शिकवायचे तर सुरुवात कोठून करावी?

आपण शिरपूर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात नुकतेच रुजू झाला आहात, जीवशास्त्राच्या तासाला आधुनिक तंत्रज्ञानाची कौशल्ये शिकवावीत अशी संस्थेची अपेक्षा आहे आणि हाताशी दोन जुने संगणक व लहरी इंटरनेट एवढेच आहे; अशा स्थितीत सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी जळगाव जिल्ह्यात अकरावी-बारावीला हाच विषय शिकवतो आणि माझे उत्तर ‘मोजमापापासून’ असे आहे. पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांची चित्रफीत दाखवल्याने तास रंगतो हे खरे, परंतु त्यातून विद्यार्थ्याच्या हाताला नवे काही लागत नाही.

पर्णरंध्रांचे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांचे, नेहमीचे प्रात्यक्षिक घ्या. पानाच्या वरच्या व खालच्या बाजूची रंध्रे मोजून तुलना करायची असते, आणि बहुतेक मुले दोन्ही आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून मोकळी होतात. त्याऐवजी केळीचे ताजे पान आणावे (कपाशीच्या पानावरील लव ठशात अडथळा आणते), त्यावरील मेणचट पूड कापसाने हलकेच पुसावी, रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर सेलोटेप दाबून उचलावी. ही टेप काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की रंध्रांचा ठसा स्वच्छ दिसतो; मग मोबाईलचा कॅमेरा नेत्रिकेशी (डोळा लावायच्या भिंगाशी) धरून छायाचित्र घ्यावे.

पुढचे काम ‘इमेज-जे’ या छायाचित्रावरून मोजमाप करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी १९९७ मध्ये ते तयार केले; ते जुन्या संगणकावर आणि इंटरनेटशिवायही चालते. मात्र छायाचित्रातील किती पिक्सेल म्हणजे किती मायक्रोमीटर, हे त्याला आधी सांगावे लागते. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर नावाची काचपट्टी मिळते, जिच्यावर एका मिलिमीटरचे १०० भाग आखलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा. तिचेही छायाचित्र त्याच वस्तुभिंगाखाली (वस्तूकडील भिंगाखाली), त्याच मोबाईलने आणि झूम जराही न बदलता घ्यायचे. हे शेवटचे पथ्य हमखास मोडले जाते, आणि मग एखादा गट रंध्राची लांबी अर्धा मिलिमीटर असल्याचे शांतपणे लिहून देतो. अर्धा मिलिमीटर तर नुसत्या डोळ्यांनीही दिसला असता, हे ज्या मुलीच्या आपणहून लक्षात येते आणि जी झूम तपासायला परत सूक्ष्मदर्शकाकडे जाते, तिला तंत्रज्ञान आले असे मी समजतो. एकाच छायाचित्रात दोन गटांचे आकडे वेगळे आले तर तेही दाबून टाकू नयेत. चौकटीने अर्धवट कापलेली रंध्रे धरायची की नाहीत, हा वाद वर्गात होऊ द्यावा आणि रक्तपेशी मोजताना पाळतात तसा, दोनच कडांवरची धरायची, हा नियम मुलांकडूनच येऊ द्यावा. सरासरी आणि आलेख स्प्रेडशीटमध्ये करून घेता येतात. त्याला फारसा वेळ लागत नाही.

आनुवंशिकतेसाठी सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार आपल्या भागात दूरचा विषय नाही. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो घराघरांत माहीत आहे. बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधील प्रथिनाच्या आरएनएचा क्रम एनसीबीआय या अमेरिकेच्या जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावरून एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा, म्हणजे इंटरनेट रुसले तरी तास अडत नाही. मुलांनी क्रमातील पहिले ‘एटीजी’, म्हणजे प्रथिनाची सुरुवात दाखवणारी तीन अक्षरे, शोधावे, तेथून तीन-तीन अक्षरे पाडत जावे आणि ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झाल्यास ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते ते स्थान शोधून काढावे. पुस्तकात सहावे स्थान दिलेले असते आणि मुलांचे मात्र सातवे येते, कारण आरंभीचे मेथिओनिन प्रथिन तयार होताना गळून जाते आणि पुस्तकी मोजणीत ते धरलेले नसते. कोणाच्या घरी हा आजार आहे, हे वर्गात कदापि विचारू नये.

तिसरे कौशल्य नोंदीचे, आणि त्याला आपल्या शेजारच्या शहाद्याइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर खात्रीने कोणी पाहिलेले नव्हते. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहक माइनर्ट्सहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचे सांगितले होते, परंतु तो नमुना जुन्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता, हे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिले. ती नोंद बाजूला सारून, अस्सल जुन्या नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा सापडला. हे सांगून झाल्यावरच आयनॅचरलिस्टसारख्या, सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपवर ठिकाण, तारीख आणि छायाचित्र यांसह नोंद कशी करायची ते शिकवावे. मग तारीख कशाला हवी, असे कोणी विचारत नाही. अ‍ॅपने सुचवलेले नाव मात्र तसेच उतरवू न देता, ते कोणत्या लक्षणांवरून पटते हे मुलांकडून लिहून घ्यावे.

विद्यार्थ्यांना मोबाईल आणण्यास मनाई असेल तर आपला एक पुरतो. स्टेज मायक्रोमीटरही लगेच विकत घेण्याची गरज नाही. जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून तो तासाभरासाठी मागून घ्यावा आणि आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक वस्तुभिंगाखाली त्याचे एकेक छायाचित्र काढून ठेवावे. सूक्ष्मदर्शक, मोबाईल आणि झूम तेच आहेत तोवर ती छायाचित्रे चालतात.